सेल्फी स्टिकवाल्याची माफी

ज्या कुणी सेल्फी स्टिक शोधून काढली, तो माणूस मला एकदा भेटायला हवा. मी त्याला काही करणार नाही. फक्त रविवारी दुपारी बारा वाजता आमच्या थीम पार्कातल्या कारंज्याजवळच्या पायऱ्यांवर त्याला उभं करीन आणि म्हणीन, "आता जा बघू पलीकडे."

नऊच पायऱ्या आहेत. पहिलीवर एक नवरा-बायको तोंडं वर करून उभे, तिसरीवर मैत्रिणींचं टोळकं आणि त्यांच्या तीन काठ्या, सहावीवर एक आजोबा, ज्यांना काठी लांब करता येते पण आखूड करता येत नाही. वाकून जावं तर पाठीवर बसते, ताठ जावं तर कानावर. मला आतापर्यंत कानावर चारदा, डोक्यावर मोजलं नाही इतक्यांदा आणि एकदा थेट दातावर बसली आहे. दातावर बसली तेव्हा ती बाई मलाच म्हणाली, "अगं, मध्ये काय येतेस? फोटो बिघडला ना!" मी मध्ये! मी आपली चालत होते, देवानं दिलेल्या दोन पायांनी!

"आमचं" पार्क म्हणजे आमच्या मालकीचं नाही हो. माझी आई तिथे नोकरी करते. तिथला सगळ्यात जुना रोलर कोस्टर ती चालवते. फलकावर त्याचं भारदस्त नाव आहे, पण कामगार त्याला म्हातारी म्हणतात, कारण साखळीवरून चढ चढताना त्याचे सांधे कटकट वाजतात. आईनं सात वर्षं फलाटावर उभं राहून लोकांच्या मांडीवरचे लोखंडी बार दाबून बंद केले, मग परीक्षा दिली, पहिल्यांदा नापास झाली, पुन्हा दिली आणि मग तिला काचेच्या केबिनमधली खुर्ची मिळाली. केबिन इतकी लहान आहे की आत शिंकलं तर काच पुसावी लागते. तरी पहिल्या दिवशी घरी आल्यावर आई जेवताना तीनदा म्हणाली, "खुर्ची गोल फिरते गं."

आता खरा प्रकार सांगते. शनिवारी घडला. शाळा सुटल्यावर मी केबिनच्या पायथ्याशी असलेल्या बाकावर भूगोलाची वही घेऊन बसले होते. दुपारची पाळी, तुडुंब गर्दी. म्हातारीचे नियम फाटकावर हातभर अक्षरांत लिहिलेत, त्यातला पहिलाच: गाडीत काठी नेऊ नये. काठ्या फलाटावरच्या पिंपात ठेवायच्या, उतरल्यावर घ्यायच्या. कारण चढ संपला की गाडी लोखंडी खांबांच्या मधून जाते आणि ते खांब हाताच्या अंतरावर आहेत. बाहेर काढलेली काठी खांबाला लागली की उलटी मागे येते, आणि मागच्या रांगेत कुणाचं तरी तोंड असतंच.

एक माणूस होता. डोळ्यांवर मोठा काळा गॉगल, सावलीतसुद्धा. फलाटावर त्याला काठीबद्दल विचारलं तर हात पसरून दाखवले, "काही नाही बुवा." काठी बाहीत होती! बाहीत! परीक्षेत चिठ्ठी लपवणारी मुलंसुद्धा जास्त लाजतात.

गाडी चढाला लागली, कटकट सुरू झाली आणि अर्ध्या चढावर या महाशयांनी बाहीतून काठी काढली, सर्रकन लांब केली, फोन अडकवला आणि हात बाहेर काढून बायकोला म्हणाले असतील, "हास." त्यांच्या मागच्या रांगेत दोन वेण्यांची एक मुलगी होती, सात-आठ वर्षांची, वडिलांशेजारी बसलेली. आईनं पडद्यावर पाहिलं आणि लाल बटण दाबलं. गाडी चढावरच थांबली.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. लाल बटण दाबलं की केबिनमधला माइक आपोआप सुरू होतो. वर अडकलेल्या लोकांना लगेच धीर देता यावा म्हणून तशी सोय केली आहे. "शांत बसा, बार धरून ठेवा, मी वर येते आहे," असं म्हणायचं असतं. हे आईला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. पण त्या क्षणी तिला फक्त ती दोन वेण्यांची मुलगी दिसत होती. त्यामुळे अकरा कर्ण्यांतून, रांगेतल्या तीनशे माणसांना, खालच्या आइस्क्रीमवाल्याला आणि मला, सगळ्यांना स्पष्ट ऐकू आलं:

"अरे गाढवा! मागच्या पोरीचा डोळा फोडशील ना!"

मग रांग जी हसायला लागली! गाडीत चोवीस माणसं होती. आईनं कुणाचंही नाव घेतलं नव्हतं. तरी एकच माणूस उठायची धडपड करत ओरडला, "गाढव कुणाला म्हणता?" म्हणजे बघा, ओळख पटवायचं कामसुद्धा त्यानंच केलं.

गाडी चढावर थांबली की जिनं थांबवली तिनंच बाजूच्या शहाण्णव पायऱ्या चढून वर जायचं आणि चार-चार माणसांना हाताला धरून खाली आणायचं. आईनं सहा खेपा केल्या. गॉगलवाला तिसऱ्या खेपेत उतरला. एका हातानं कठडा, दुसऱ्या हातात काठी, उतरतानाही चित्रण चालूच. "बघा मित्रांनो, कशी वागणूक देतात." मला वाटलं, निदान त्या मुलीचे वडील तरी आईला एक बरा शब्द बोलतील. ते खाली आले, घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "पाऊण तास गेला आमचा. भरपाई काही आहे का?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अहो, मुलीचे दोन्ही डोळे जागेवर आहेत, तीच भरपाई! पण हे मी मनात म्हणाले. तेव्हा मनातच म्हणत होते.

पाळी संपल्यावर कपडे बदलायच्या खोलीत मी आईची वाट बघत होते. ती आली ती हातात एक कागद घेऊन. बाकावर बसली, बूट काढले. पाय सुजले होते, मोज्यांच्या वळांची नक्षी उमटली होती.

"साहेबांनी दिला," ती म्हणाली. "उद्या दहा वाजता त्या माणसासमोर सही करायची. दोन दिवसांचा पास आहे त्याचा. उद्या परत येतोय."

मी कागद वाचला. छापील, दोनच वाक्यं. पहिलं: मी ग्राहकाला अपशब्द वापरला, याबद्दल क्षमा मागते. दुसरं: मी गाडी विनाकारण थांबवली, याबद्दल क्षमा मागते.

"विनाकारण?" मी इतक्या जोरात ओरडले की पलीकडे केस विंचरणाऱ्या तिकीटवाल्या मावशींच्या हातून कंगवा पडला. "फाड तो! चोराच्या उलट्या बोंबा! आणि गाढव काय म्हणून मागे घ्यायचं? गाढवानं तक्रार केली तर गोष्ट वेगळी!"

"गाढव मी म्हणाले," आई पाय चोळत म्हणाली. "तीनशे लोकांपुढे. ते चुकलंच माझं. त्याची माफी मागणार मी."

"आई!"

"काय आई? माझ्या केबिनमधून असा शब्द जायला नको होता. वर अडकलेलं माणूस आधीच घाबरलेलं असतं."

"तो घाबरला होता? तो चित्रण करत होता!"

"बाकीचे तेवीस घाबरले होते."

यावर मी जास्तच चिडले. "मग दुसऱ्या वाक्याचं काय?"

आईनं कागद माझ्या हातून घेतला आणि त्या दुसऱ्या ओळीवर अंगठा ठेवला, जणू ती झाकून टाकायची होती. "हे एकदा माझ्या फायलीत गेलं की केबिन गेली. विनाकारण गाडी थांबवणाऱ्या माणसाला पुन्हा कुणी खुर्चीवर बसवत नाही. इथेही नाही, दुसरीकडेही नाही."

"आणि सही केली नाहीस तर?"

"तर उद्यापासून दारावरच्या दुकानात. साहेब तसं म्हणालेत."

दारावरचं दुकान म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायचं राहिलं. पार्कात शिरल्या शिरल्या डाव्या हाताला लागतं. तिथे टोप्या असतात, पाण्याच्या बाटल्या असतात, आणि भिंतभर काय टांगलेलं असतं माहिती आहे? सेल्फी स्टिक्स! निळ्या, गुलाबी, चमकीवाल्या! पार्क स्वतः दारात काठी विकतं आणि आत दोनशे पावलांवर पाटी लावतं की काठी आणू नये. हे म्हणजे स्वतःच चिखल करायचा आणि येणाऱ्याला म्हणायचं, पाय पुसून या. गॉगलवाल्याची काठीसुद्धा तिथलीच, हिरवी, मुठीवर पार्कचं चिन्ह असलेली. आणि आता माझ्या आईनं केबिन सोडून तिथे उभं राहून त्याच काठ्या विकायच्या?

"म्हणजे सही केली तरी केबिन जाणार, नाही केली तरी जाणार," मी म्हणाले. "इकडे आड, तिकडे विहीर. मग गाढवाची तरी माफी कशाला मागतेस? फुकट?"

"फुकटच," आई म्हणाली आणि बूट पिशवीत टाकले. "माफी फुकटच असते. चल, बस चुकेल."

मी तिच्याशी बसमध्ये बोलले नाही. घरीही फक्त "मीठ दे" एवढंच बोलले.

रविवारी मी आईबरोबर गेले. ती नको म्हणत होती, पण मी बाहेर बसते म्हणाले. बाहेर बसायचा माझा विचार अजिबात नव्हता आणि हे तिलाही माहीत असणार, कारण तिनं दारात मला बजावलं, "भांडकुदळे, तोंड उघडायचं नाही."

साहेबांची खोली लांबट आहे. एका टोकाला टेबल, मध्ये दोन खुर्च्या, मागे भिंतीला लागून एक सोफा. गॉगलवाला पुढच्या खुर्चीत आणि त्याची बायको त्याच्या अगदी पाठीमागे सोफ्यावर, मांडीवर पर्स घेऊन. आम्ही आत गेलो तसा तो उठला. म्हटलं, निदान उभं राहायची रीत तरी आहे. कसलं काय! त्यानं पायाशी ठेवलेली हिरवी काठी उचलली, सर्रकन लांब केली आणि फोन चालू केला.

"जरा इकडे या बाई, मध्ये या. साहेब, तुम्हीही दिसताय. हां. बोला आता."

माफी रेकॉर्ड करायची होती त्याला! स्वतःच्या चेहऱ्यासकट! टेबलाकडे पाठ, काठी समोर धरलेली, मान थोडी तिरकी, ओठांवर तयार हसू, आणि मागे माझी आई, इस्त्रीचा गणवेश, दोन्ही हात एकमेकांत अडकवलेले. मी साहेबांकडे बघितलं. ते टेबलावरचं पंचिंग मशीन उघडून आतलं बघत होते. काय दिसलं त्यांना आत, देव जाणे.

आई फोनकडे बघून बोललीच नाही. सरळ त्याच्याकडे बघून बोलली. "काल मी तुम्हाला गाढव म्हणाले. सगळ्यांसमोर. तसं म्हणायला नको होतं. माझी चूक झाली, मला माफ करा."

एक सांगू? ती बोलली तेव्हा खोलीत मोठं माणूस तीच वाटली. गॉगलवाल्याचं तयार हसू जरा घसरलं. त्याला रडणं-बिडणं हवं होतं बहुतेक.

"आणि गाडीचं?" तो काठीसकट टेबलाकडे वळून म्हणाला. "विनाकारण थांबवली त्याचं?"

"गाडी कारणानं थांबवली," आई म्हणाली. कागद टेबलावर ठेवला. "यावर माझी सही होणार नाही, साहेब."

"बाई, दोन वाक्यं आहेत," साहेब म्हणाले. "कशाला ताणता?"

"एक वाक्य बोलून झालं. दुसरं खोटं आहे."

"खोटं?" गॉगलवाल्याचा आवाज चढला. काठी मात्र तशीच समोर, चित्रण चालूच. "नुसता फोटो काढत होतो मी. असा धरला होता हात, असा. यानं कुणाला काय होणार आहे? सांगा ना! काय होणार आहे?"

तोंड उघडायचं नाही, एवढंच आई म्हणाली होती. हात हलवायचा नाही, असं म्हणाली नव्हती. मी टेबलाजवळून निघाले, तळहात पुढे धरला आणि त्याच्या दिशेनं चालत गेले. पळत नाही हं. प्रार्थनेच्या रांगेत चालतात तसं, हळू. माझा तळहात काठीच्या टोकाला लागला आणि मी थांबले नाही, चालत राहिले.

काठी त्याच्या मुठीत फिरली. फोनचा चिमटा त्याच्या कानाजवळून सुळकन मागे गेला आणि त्याच्या बायकोच्या चष्म्यावर खट्टकन बसला. चष्मा नाकावरून निघून पर्समध्ये पडला.

"अगंबाई!" ती ओरडली.

"मी खांब आहे," मी म्हणाले. तोंड उघडलंच शेवटी. "मी चालत आले. गाडी चालत जात नाही. आणि काकूंच्या जागी काल सात वर्षांची मुलगी होती, तिला चष्मा नव्हता."

"ए! काय चाललंय हे? ही कोण मुलगी? साहेब, ही मारहाण आहे!"

"मुलगी माझी आहे," आई म्हणाली. "आणि तू गप्प बस." दुसरं वाक्य मला होतं.

त्याची बायको पर्समधून चष्मा काढून काचा तपासत होती. "मारहाण कसली?" ती त्याला म्हणाली. "काठी तुमच्याच हातात होती. कालही म्हणाले होते मी, आत घ्या म्हणून. माझं कधी ऐकलंय?"

"तू मध्ये बोलू नकोस. आपलं रेकॉर्डिंग चालू आहे."

"मग राहू दे चालू. घरी जाऊन सगळ्यांना दाखवा." ती उठली, चष्मा लावला आणि निघून गेली. दार तिनं आपटलं नाही, त्याच्यासाठी उघडंच ठेवलं.

त्यानं माघार घेतली असं वाटत असेल तर तसं काही नाही. अशी माणसं माघार घेत नाहीत, फक्त खोली बदलतात. "वरपर्यंत जाणार मी," म्हणून तो काठी आखूड करायला लागला. ती होईना. शेवटी तशीच लांब काठी घेऊन दारातून निघाला, ती चौकटीला अडकली, त्यानं ती ओढली, आणि गेला.

मी साहेबांकडे बघितलं. मला वाटलं आता ते म्हणतील, बाई, तुमचं बरोबर होतं. त्यांनी रुमालानं कपाळ पुसलं आणि म्हणाले, "आता हा लिहिणार सगळीकडे. झाली ना पंचाईत? बाई, तुम्ही सही करून टाका बघू. फाईल बंद करतो, महिनाभर दुकानात जा, लोक विसरतात."

म्हणजे ह्यांनी काहीच पाहिलं नव्हतं! चष्मा पडताना डोळे मिटले होते का? मी तोंड उघडणार, एवढ्यात नटबोल्ट काका आत आले. ते म्हातारीचे मेकॅनिक. ग्रीसचे हात पुसत दारातूनच म्हणाले, "साहेब, चाचणीची रिकामी फेरी झाली. अकराला गाडी सोडायची, दहा मिनिटं राहिलीत. ताईंना पाठवता का? रांग कारंज्याच्या पुढे गेलीय."

"दुसऱ्या कुणाला बसवा," साहेब म्हणाले.

"दुसरे तीनला येणार. परवाना दोघांनाच आहे." काकांनी माझ्याकडे बघितलं, आईकडे बघितलं. "मी बसू का? मला बटणं दोनच दिसतात, लाल आणि हिरवं. कुठलं कधी, ते तुम्ही सांगा."

साहेबांना विनोद कळला नाही, पण रांग कळली. रविवारची रांग, कारंज्याच्या पुढे. त्यांनी खिडकीतून बघितलं. मग जांभळ्या चेहऱ्यानं आईला म्हणाले, "बरं, जा. जा तुम्ही. कागदाचं नंतर बघू."

मी तर निघालेच होते. पण आई जागची हलली नाही.

"नंतर नको," ती म्हणाली. "मी गाढव म्हणाले त्याची माफी मागितली. त्यानं ती फोनमध्ये भरून नेली. आता तुम्ही लिहून द्या."

"काय लिहून देऊ?"

"शनिवारी गाडी थांबवली ती योग्य कारणानं थांबवली. सही तुमची. तारीख घाला."

"अहो बाई, रांग..."

"रांग दिसतेय मला."

ती हे ओरडून बोलली नाही, म्हणून सांगते. मी एवढी वर्षं समजत होते की राग म्हणजे माझ्यासारखा: आवाज, हातवारे, लाल कान. आईचा राग खुर्चीच्या पाठीवर दोन हात ठेवून उभा होता आणि त्याला कसलीच घाई नव्हती. बाहेर रांगेत कुणीतरी शिट्टी वाजवली. काका दारात टेकून नखांतलं ग्रीस काढत राहिले. अकराला पाच कमी.

साहेबांनी पेन शोधलं. चाललं नाही. मी माझ्या दप्तरातलं दिलं. फार आवाज न करता दिलं, याची नोंद घ्यावी. त्यांनी तोच छापील कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर तीन ओळी लिहिल्या. आईनं त्या सावकाश वाचल्या, ओठ हलवत. मग म्हणाली, "तारीख राहिली."

त्यांनी तारीख घातली.

आईनं कागदाची घडी घालून गणवेशाच्या खिशात ठेवली, बटण लावलं आणि चालायला लागली. मी मागोमाग. कारंज्याजवळच्या पायऱ्यांवर तेव्हाही सात काठ्या होत्या, त्यातली एक माझ्या खांद्याला लागलीच. मी थांबून त्या दादाला म्हणाले, "दादा, बाजूला घ्या. इथून माणसं कामाला जातात." त्यानं घेतली. आई पुढे गेली होती, तिनं मागे वळून नुसतं म्हटलं, "चल लवकर."